आकाशपाळण्याचा कान

“बाबा, पार्क बंद झालंय हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?”

एवढं विचारून भिंगरीने उगाच मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे पुढे काही बोलायची पाळी आलीच तर तोंड भरलेलं असावं. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. तो होता ढापणीचा आणि उंटिणीचा. ढापणी म्हणजे वर्गातली सगळ्यात जाड चष्म्याची, आणि उंटीण म्हणजे जिच्या मागे बसलं की फळा दिसत नाही ती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे दोघींनी तिला कोपऱ्यात घेतलं होतं. “तुझे बाबा रोज सकाळी युनिफॉर्म घालून त्या भुताच्या बागेत ड्युटीला जातात. एकदा विचार तर खरं त्यांना. हिंमत असेल तर.”

हिंमत असेल तर. हे शब्द हल्ली भिंगरीला कुणी ऐकवायची सोय राहिली नव्हती. थोड्या दिवसांपूर्वीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेव्हा बाईंना मान वर करून खात्री करून घ्यावी लागायची. मग शाळेच्या नाटकातल्या न्यायाधीशाला ऐन वेळी गोवर आला, सगळे संवाद पाठ असलेली ही एकटीच निघाली, आणि हिला काळ्या झग्यात कोंबून स्टेजवर ढकलण्यात आलं. हिने टेबलावर मूठ आपटून ‘शांतता’ म्हटलं, आणि अख्खं सभागृह खरोखरच चिडीचूप झालं. त्या शांततेची तिला चटकच लागली. तेव्हापासून ती वाण्याशी, कंडक्टरशी, मुख्याध्यापिकांशीसुद्धा अशी बोलायची, जणू निकाल सुनावतेय.

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते सगळ्यांच्याच ओठांकडे बघत. वर्षानुवर्षं जनरेटरच्या शेजारी उभं राहून त्यांच्या कानांनी बारीक आवाजांशी कायमची कट्टी घेतली होती. जाड आवाज यायचे: ट्रक, गडगडाट, आईने रागाने सरकवलेली खुर्ची. बारीक गेले: शिट्टी, पाखरं, फोनची घंटी, आणि माणसांच्या बोलण्यातला निम्मा भाग. तेवढा ते ओठांवरून उचलायचे.

“नाही,” बाबा म्हणाले. चांगला विचार करून म्हणाले. “तसं कुणी सांगितलं नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, दुरुस्तीसाठी थोडे दिवस. आकाशपाळण्याचं चाक तेवढं सांभाळ, म्हणाले.”

“आणि मग साहेब गेले, त्यांच्या मागोमाग त्यांची खुर्ची गेली, आणि शेवटी ऑफिसचा पंखाही कुणीतरी उतरवून नेला,” आई म्हणाली. ती हसायला लागली होती, पण बाबांकडे बघून मध्येच थांबली.

बाबांनी ताट पुढे सरकवलं. भात तसाच राहिला होता. ते उठले, हात धुतले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दारातून त्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीवर युनिफॉर्मच्या शर्टावरचं, धुवून धुवून पुसट झालेलं पार्काचं नाव.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने हा सगळा प्रसंग शाळेत साभिनय करून दाखवला. मान किंचित तिरकी, भुवया वर, आणि बाबांचा तो सावकाश आवाज: “नाही. तसं कुणी सांगितलं नाही.” उंटीण भिंतीला टेकून हसली, ढापणीला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणखी चार मुली जमल्या, म्हणून पुन्हा करून दाखवला. दुसऱ्या वेळी तर तो जास्तच फर्मास झाला. पण चित्रकलेच्या तासाला तिने काढलेल्या माणसाची मान आपसूक किंचित तिरकी आली. तिने ती खोडरबराने खोडून टाकली.

आठवडाभर बाबा घरात जेवढ्यास तेवढं बोलले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, तिने सरळ माफी मागून टाकली असती. ते फक्त कुठेतरी दूर जाऊन बसल्यासारखे झाले होते.

आता हे घर कुठे होतं तर पार्काच्या मागच्या भिंतीला लागून, कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत. रांगेतल्या बाकीच्या खोल्यांची दारं-खिडक्या केव्हाच गेल्या होत्या. भिंगरी पाटीवर अक्षरं गिरवत होती तेव्हा पार्क थांबलं, आणि मग एकेक घर उठत गेलं. छोट्या आगगाडीचा ड्रायव्हर आता खऱ्या बसवर होता. आरसेमहालाची तिकिटं फाडणारी बाई मुलाकडे निघून गेली. उरलं हे एकच बिऱ्हाड. बाबा आकाशपाळणा चालवायचे. आई ससा होती. म्हणजे फाटकाशी पांढऱ्या लोकरीच्या पोशाखात उभं राहून मुलांशी हात मिळवायचे, त्यांच्याकडून शेपूट ओढून घ्यायची आणि फोटोत उभं राहायचं. सध्या ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. “तिथे निदान कुणी शेपूट तरी ओढत नाही,” असं म्हणायची.

पार्काची काय अवस्था होती हे बाहेरच्याला सांगून पटलं नसतं. पाण्याच्या घसरगुंडीतून आता फक्त शेवाळ घसरायचं. धडकगाड्या एकमेकींवर चढून, रुसल्यासारख्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या आणि त्यांच्या सीटच्या फोमात उंदरांनी संसार थाटले होते. घोड्यांच्या चक्रातला एकही घोडा धड नव्हता. कुणाचं तोंड उडालेलं, कुणाच्या पोटातून गवत बाहेर आलेलं, आणि तरी सगळे पुढचे पाय उचलून तय्यार. आरसेमहालाचं छप्पर खाली आलं होतं. आत गेलं तर शंभर तुकड्यांत शंभर वेळा आभाळ दिसायचं. लहानपणी भिंगरीला ते फार आवडायचं. आता ती तिथे जातच नसे.

फक्त आकाशपाळणा उभा होता, रंगवलेला, पुसलेला. आणि त्यामागे एक गोष्ट होती जी भिंगरीने ढापणी-उंटिणीला कधीच सांगितली नव्हती. बाकीची सगळी खेळणी जी मोडली, त्यांतली अर्धी बाबांनीच मोडली होती. चाकाचा एखादा बोल्ट खराब झाला की नवा आणायचा कुठून? मग ते पाना घेऊन घोड्यांकडे जायचे, ड्रॅगनगाडीकडे जायचे, अष्टभुज पाळण्याकडे जायचे, आणि त्यांच्या पोटातून मापाचा बोल्ट काढून आणून चाकाला लावायचे. असं करत करत त्यांनी एका चाकापायी सगळं पार्क खाल्लं होतं.

बोल्ट खराब झाला हे ओळखायची रीत अशी: दर रविवारी सकाळी लोखंडी जिना चढून वर तुंब्याशी जायचं. तुंबा म्हणजे चाकाचं मधलं पोट, सगळे दांडे जिथे येऊन मिळतात ते. तिथल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारल्यासारखं ठोकायचं आणि ऐकायचं. बोल्ट धडधाकट असेल तर खणखणीत वाजतो, पेल्यावर चमचा लागावा तसा. आतून चिरला असेल, गंजाने खाल्ला असेल, तर बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. वरून दोन्ही सारखेच दिसतात. पण खणखण हा आवाज बारीक, आणि बाबांचे कान बारीक आवाजाला गेलेले. म्हणून भिंगरी एवढीशी असल्यापासून दर रविवारी वर जायची. बाबा ठोकायचे आणि तिच्या ओठांकडे बघायचे. ती म्हणायची, “खणखणीत.” पुढचा. “खणखणीत.” पुढचा. “बद्द.” मग बाबा त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे.

“लोकांच्या बाबांना चष्मा असतो, मला ही आहे,” ते मॅनेजरसाहेबांना एकदा म्हणाले होते, आणि साहेबांना विनोद कळला नव्हता.

त्या रविवारीही दोघं वर गेले. ऊन कोवळं होतं. बाबांनी खिशातून हातोडी काढली, पण लगेच ठोकली नाही. खाली घोड्यांकडे बघत म्हणाले, “आता काढायला कुठेच बोल्ट उरले नाहीत, बाळा. मापाचे सगळे संपले. आज बद्द निघाला तर...” आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी पहिला बोल्ट ठोकला.

बद्द.

आवाज स्वच्छ होता, म्हणजे स्वच्छ मेलेला. भिंगरीने वर पाहिलं. बाबा तिच्या ओठांवर नजर लावून उभे होते, आठवडाभरात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत होते.

“खणखणीत,” ती म्हणाली.

दुसरा ठोकला. बद्द. “खणखणीत.” तिसरा खरंच खणखणीत निघाला, आणि तिला इतकं बरं वाटलं की ते तिने जरा मोठ्यानेच म्हटलं. मग पुन्हा बद्द. पुन्हा बद्द. आजवर एखाददुसराच निघायचा, पण इतक्या वर्षांचे उन्हाळे, थंड्या, सगळे ऋतू त्या लोखंडात शिरून आतल्या आत जेवून बसले होते. ती ओठ नीट, ठसठशीत हलवून सांगत गेली, न्यायाधीशाच्या आवाजात. प्रत्येक खणखणीतसरशी बाबांचे खांदे थोडे सैल व्हायचे. शेवटच्या बोल्टनंतर त्यांनी हातोडी खिशात टाकली आणि तुंब्यावर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं.

“गडी अजून तरणा आहे,” ते म्हणाले.

जिना उतरताना ते थांबले. “तुझ्या मैत्रिणींना शनिवारी घेऊन ये. त्या जेवतानाच्या प्रश्नातल्या.”

भिंगरीचे कान लाल झाले. “तुम्हाला कसं कळलं?”

“तू स्वतःचा प्रश्न विचारतेस तेव्हा तोंडात घास कोंबत नाहीस,” बाबा म्हणाले. “बसव त्यांना. एक फेरी मारू दे. मग त्याच सांगतील पार्क बंद आहे की चालू.”

ती घरात आली तेव्हा आई भांडी विसळत होती. तिने मागे न बघता विचारलं, “किती बद्द निघाले?”

हा प्रश्न आई दर रविवारी विचारायची, आणि तिला त्याचं उत्तर का हवं असायचं हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी कधीकाळी कबूल केलं होतं: तुंबा ज्या दिवशी बद्द वाजेल आणि बदलायला बोल्ट नसेल त्या दिवशी मी स्वतः फाटकाला कुलूप घालीन आणि तू म्हणशील तिथे येईन. त्या दिवसाआधी नाही. आईने त्या शब्दावर सगळे दिवस काढले होते. आणि आता हॉस्पिटलच्या आवारातली एक खोली रिकामी होत होती. भिंतींना ओल नाही, नळाला पाणी, खिडकीतून झाडं. मेट्रनबाईंनी आईला विचारलं होतं, घेतेस का, या आठवड्यात सांग.

“एकही नाही,” भिंगरी म्हणाली.

आईचे हात पाण्यातच राहिले. “एकही नाही?”

“सगळे खणखणीत.”

“बरं,” आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने नळ बंद केला. “मी वेडी, मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झाले होते माझे त्या खोलीला.”

भिंगरीला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता सांगितलं तर दहा शब्दांत काम होईल. पण अंगणातून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, बेसूर, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचं. कित्येक महिन्यांत ते गुणगुणले नव्हते. ती म्हणाली, “मी अभ्यासाला बसते,” आणि पुस्तक उघडून एकाच ओळीकडे बघत राहिली.

मग तो आठवडा असा काही उधळला की बोलायला फटच मिळाली नाही. बाबांनी जनरेटर खोलून पुसला. खुर्च्या साबणाने धुतल्या. आईने आधी तोंड फुगवलं, मग बुधवारी मेट्रनबाईंना नाही सांगून आली, आणि गुरुवारी पलंगाखालची पेटी ओढून सशाचा पोशाख बाहेर काढला. एक डोळा गळाला होता. तिथे तिने कोटाचं काळं बटण शिवलं.

“हे कशाला गं, आई?”

“जायचं नाही तर नाही,” दोरा दातांनी तोडत आई म्हणाली. “निदान राहायचं तरी नीट राहू. पाहुण्या येतायत तुझ्या. फाटकाशी कुणीतरी नको?”

शाळेत भिंगरी म्हणाली, “शनिवारचं राहू दे गं, नंतर कधीतरी.” पण ढापणी आणि उंटीण आता ऐकताहेत थोड्याच. “घाबरलीस ना? आमच्यासमोर लाज वाटते.” लाज नाही वाटत, असं तिला ओरडून सांगायचं होतं. वेगळंच काहीतरी वाटत होतं. त्याला नाव सापडेना.

शनिवारी दुपारी दोघी आल्या. गंमत म्हणजे फाटकातून आत आल्या आणि दोघींची टवाळी जागच्या जागी विझली. घोडे बघून उंटीण नुसतीच “अरे” म्हणाली. ढापणीने चष्मा पुसून पुन्हा लावला, जणू दोष काचेचा होता. आणि समोरून ससा आला. दुखरे गुडघे धरत, एक डोळा लाल, एक काळा, तोंडभर हसू.

“काकू, आत उकडत नाही का हो?” ढापणीने विचारलं.

सशाने मान हलवली आणि ओठांवर पंजा ठेवला.

“सशाने बोलायचं नसतं,” भिंगरी म्हणाली. “नियम आहे.”

बाबा लिव्हरशी उभे होते. शर्टाला इस्त्री. केस पाण्याने बसवलेले. त्यांनी मैत्रिणींना “या, ताई,” म्हटलं, असं की त्या दोघी खरंच मोठ्या झाल्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या. जनरेटर खोकला, थुंकला, पुन्हा खोकला आणि चालू झाला. बाबांनी लिव्हर ओढला. आधी वाटलं काहीच होणार नाही. मग सगळ्यात खालची खुर्ची शहारली आणि उचलली गेली.

चाक फिरलं. रिकाम्या खुर्च्या झुलत वर गेल्या, त्यांच्यावरून ऊन घरंगळत खाली आलं, आणि एवढं मोठं लोखंड हवेत इतक्या हलक्या पायाने चाललं की उंटीण भिंगरीचा दंड घट्ट पकडून म्हणाली, “ए, हे खरंच चालतं गं.” बाबांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. इतकं सुख उघड्यावर मांडून ठेवू नये माणसाने. ससा टाळ्या वाजवत होता, मऊ पंज्यांच्या, आवाज नसलेल्या टाळ्या.

आणि वरून, तुंब्याकडून, एक बारीकसा आवाज येत होता. टिक. एक फेरी. टिक. जनरेटरच्या गोंगाटात कुणाला जाणवलाही नसता, पण भिंगरीचे कान आयुष्यभर त्याच एका जागेचं ऐकायला शिकले होते. टिक. या वेळी त्याच्यामागे करकर होती.

बाबांनी चाक थांबवलं. खुर्चीचा दांडा उघडला, रुमालाने सीट पुसली. “चला, ताई. बसा. घाबरायचं काही नाही, तुमच्या मैत्रिणीने स्वतः सगळे बोल्ट तपासलेत.”

उंटिणीने पाऊल खुर्चीच्या पायरीवर ठेवलं.

भिंगरीने तिची वेणी मागून पकडली आणि ओढली.

“आई गं. काय करतेस?”

“बसू नकोस.”

“अगं पण—”

“खाली उतर म्हणते ना.” हा आवाज नाटकातला नव्हता. हा तिने आधी कधी ऐकला नव्हता. मग ती बाबांच्या समोर गेली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, “बाबा, तुंबा बद्द वाजतोय.”

बाबांनी हसऱ्याच चेहऱ्याने मान पुढे केली, नीट दिसलं नसेल म्हणून. “काय?”

“तुंबा. बद्द.”

“कुठला बोल्ट?”

“जवळजवळ सगळे.”

“आणि रविवारी?”

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बाबांनी त्या बंद ओठांकडे पाहिलं. मग त्यांनी जनरेटर बंद केला. शांतता झाली, आणि ही शांतता भिंगरीला नको होती. ते उंटिणीकडे वळले. “यंत्र नादुरुस्त आहे, ताई,” ते चालू पार्कातल्या जुन्या अदबीने म्हणाले. “तसदीबद्दल माफ करा.” आणि रुमाल खिशात घालून घोड्यांच्या बाजूने चालते झाले.

ससा उभ्या जागी उभा होता. बुधवारी खोली नाकारून आलेला ससा. तोंडभर हसू, एक डोळा लाल, एक काळा. आत आईचं काय झालं होतं ते बाहेरून दिसायला काही मार्गच नव्हता. ढापणी हळूच म्हणाली, “काकू, मी डोकं काढायला मदत करू?” आणि सशाने मान हलवली, नको.

सोमवारी आईने धुलाईखान्यातून मेट्रनबाईंना गाठलं. खोली दिली गेली होती. नवीन नर्सबाईंचं सामानही येऊन पडलं होतं. आईने घरी येऊन हे सांगितलं नाही, तिच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरून ते कळलं. भिंगरीला ती एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा, तिचे केस विंचरताना फणी मध्येच थांबवून म्हणाली, “मला तरी सांगायचं होतंस.” भिंगरी म्हणाली, “हो.” फणी पुन्हा चालू झाली.

शाळेत ढापणी आणि उंटिणीने त्या दिवसाबद्दल कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. कुणी “ए, ती बाबांची नक्कल करून दाखव ना,” म्हटलं की उंटीण म्हणायची, “गप बस.” त्या दोघी तिच्यासाठी डब्यातली आवडीची वस्तू काढून ठेवायला लागल्या होत्या. इतकं जिवाभावाचं तिला याआधी कुणी मिळालं नव्हतं. त्यामुळे आईच्या थोरल्या बहिणीचा फोन आला, आणि मावशी म्हणाली, “तुमचं तुम्ही निस्तरा, पण पोरीला माझ्याकडे पाठव, एक खाट रिकामी आहे, शाळा समोरच आहे,” तेव्हा भिंगरीने आईच्या हातातला फोन घेऊन चटकन सांगून टाकलं होतं, “मी नाही येणार हं, मावशी.”

बाबांनी कुलूप घातलं नाही. रोज सकाळी शर्ट घालत, आत जात, संध्याकाळी येत. कबूल केलेल्या गोष्टीबद्दल आईने विचारलं तर ते तिच्या ओठांकडे बघतच नसत. जमिनीकडे बघणाऱ्या बहिऱ्या माणसाला काय ऐकवणार?

लगेचच्या रविवारी कुणी वर गेलं नव्हतं. मग पुढचा रविवार आला. बाबा दारात येऊन म्हणाले, “चल. ऐकायला.”

“बाबा, ऐकलंय ना आपण.”

“त्या दिवशी वारा होता. नीट ऐकू आलं नसेल तुला.”

वारा नव्हता. तरी ती गेली. जिना चढताना प्रत्येक पायरी खाली थोडी लवत होती, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं. वर बाबांनी पहिला बोल्ट ठोकला आणि तिच्याकडे पाहिलं.

“बद्द,” ती म्हणाली.

दुसरा.

“बद्द.”

ते पुढे गेले, घाई न करता, प्रत्येकाला तेवढीच हलकी टिचकी देत. पिवळ्या रंगाचा डबा त्यांनी आणलाच नव्हता. “बद्द, बाबा.” त्यांनी तोच पुन्हा ठोकला. “बद्द.” त्यांनी तोच पुन्हा ठोकला. त्यांची बोटं लोखंडावर टेकलेली होती, जणू कातडीतून तरी काही ऐकू येईल.

मग ते खाली बसले, तुंब्याला पाठ लावून. हातोडी मांडीवर ठेवली.

“तू नुसतं खणखणीत म्हण,” ते म्हणाले. “मला चालेल.”

“खोटं?”

“त्या दिवशी म्हणालीस तेव्हा किती छान वाटलं होतं.” ते तिच्याकडे बघत नव्हते. खाली आरसेमहालात आभाळाचे तुकडे पडलेले होते, तिकडे बघत होते. “मी कुणाला बसवणार नाही. मी चालवणारही नाही. रविवारी आपण वर येऊ, मी ठोकीन, तू म्हण. एवढंच. दुसरं काय आहे माझ्याकडे?”

भिंगरीने त्यांच्या हातून हातोडी घेतली आणि स्वतःच एक बोल्ट ठोकला. बाबांनी मान वर केली. त्यांची नजर तिच्या ओठांवर येऊन थांबली, अशी की तिला मान वळवता येईना. ते ओठ काय म्हणणार यावर एका मोठ्या माणसाचा अख्खा आठवडा टांगलेला होता, आणि त्यानंतरचा, आणि त्याच्याही नंतरचा. ती शाळा संपवेल, मोठी होईल, तिचे केस पिकतील, आणि दर रविवारी हा जिना, खाली कुजत जाणारे घोडे, आणि धुलाईखान्यातून थकून आलेली आई विचारणार, किती निघाले.

“खणखणीत,” ती म्हणाली.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांना माहीत होतं. तिला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. आणि तरीही त्यांचे खांदे सैल झाले, अगदी तसेच, गेल्या वेळेसारखे. ते बघून भिंगरीला इतकी भीती वाटली की तिने जिन्याचा कठडा धरला.

दुपारी तिघं जेवायला बसली. बाबा गुणगुणत होते. आईने वाढता वाढता एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि काय झालं ते तिला कळलं असावं, कारण तिने आज विचारलंच नाही. ती भिंतीला टेकून बसली, आणि एकदम फार म्हातारी दिसली.

भिंगरी उठली. बाबा ताटाकडे बघून जेवत होते, म्हणून ती त्यांच्या अगदी समोर जाऊन बसली आणि त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली. तोंडात घास नव्हता.

“मी मावशीकडे राहायला जातेय,” ती दोघांना म्हणाली. “या शनिवारी. शाळापण तिथलीच. सुट्टीत येईन, पण वर येणार नाही. यापुढे मी बोल्ट ऐकणार नाही, बाबा. खरं सांगायला नाही आणि खोटं सांगायलाही नाही.”